पाहुण्या, चटई गुंडाळ

गुरुवारी सकाळी सात वाजता दवाखान्याच्या फळीवर नंबर घातलेले बेचाळीस कागदी पेले होते, गुलाबी औषधाची एक बाटली, पाण्याचा एक जग, आणि खिडकीबाहेरच्या बाकांवर एकोणतीस माणसं. उरलेली येत होती. अकराला खिडकी बंद करताना हिदायाने रिकामे पेले मोजले. एक्केचाळीस. तिने ते पुन्हा मोजले. बेचाळिसावा कोरडा होता, आणि त्यावर सतरा नंबर होता.

सतरा नंबर म्हणजे मकामे.

झांझिबारच्या त्या दवाखान्यात पावडर, म्हणजे हेरॉइन, सोडलेली माणसं तिच्या जागी दिलं जाणारं मेथाडोन प्यायला रोज सकाळी येत. हिदाया तिथे औषध मोजून देई. वय सव्वीस, रसायनशास्त्राची पदवी, आणि एक मिलिग्रॅम इकडचा तिकडे झाला तर दिवसभर चैन न पडणारी. तिथला नियम असा, की औषध खिडकीसमोरच प्यायचं आणि पिऊन झालं की काहीतरी बोलायचं. तोंडात धरून ठेवलेलं औषध बाहेर जाऊन विकू नये म्हणून. बहुतेक जण आपलं नाव सांगत. कुणी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणे. वुआई नावाचा सुकलेला कोळी रोज हिदायालाच विचारी, "लग्न कधी करतेस?"

मकामे गाण्याची ओळ म्हणे.

एके काळी तो तारबच्या, म्हणजे नाव न घेता टोमणे मारणाऱ्या तिथल्या गाण्यांच्या, क्लबात व्हायोलिन वाजवायचा. व्हायोलिन पावडरीत गेलं. मग बायको झुहुरा गेली, मग घर गेलं. गेले अकरा महिने तो स्वच्छ होता, आणि मागच्या दोन महिन्यांत औषध प्यायल्यावर त्याने एकेक करून सोळा ओळी सांगितल्या होत्या. हिदायाने त्या रजिस्टरच्या समासात तारखेसकट लिहून ठेवल्या होत्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. जे ओळीने येतं ते लिहून ठेवायचं, अशी सवय.

*एका रात्रीची चटई मागितलीस, पाहुण्या, मी पलंग दिला;*
*आता माझ्याच दारात उभा राहून विचारतोस, कोण आला?*

*माझ्या ताटात जेवलास, माझी चप्पल घातलीस;*
*लेकीने बाबा म्हटलं, तर ओ तूच दिलीस.*

अशा त्या ओळी. रांगेतल्या सगळ्यांना त्या पाठ झाल्या होत्या. बुधवारी दुपारी क्लबातल्या म्हाताऱ्या गायिकेने, बी शिनुनाने (बी म्हणजे बाई), मकामेचं हे गाणं तालमीत पहिल्यांदा म्हटलं, आणि तासाभरात ते चपात्या विकणाऱ्या झुहुराच्या ओट्यापर्यंत पोचलं. तिथेच घात झाला.

कारण झुहुराने नऊ वर्षांपूर्वी सैफ शिंप्याशी दुसरं लग्न केलं होतं. मकामेने विकायला काढलेलं घर सैफनेच घेतलं होतं. तो त्याच घरात राहायचा, त्याच पलंगावर झोपायचा, आणि मकामेची लेक नासरा त्याला खरोखरच बाबा म्हणायची.

"आता मला सांग," रांगेत वुआई म्हणाला होता, "हे ऐकून सैफ सोडून दुसरं कोण आठवेल?"

नासराचं लग्न पुढच्या रविवारी होतं. मशिदीत नवऱ्यामुलाचा हात हातात घेऊन "मी माझी मुलगी तुला देतो" हे बापाने म्हणायचं असतं. ते मकामेने म्हणावं असा नासराचा हट्ट होता, आणि झुहुराने तो महत्प्रयासाने मान्य केला होता. बुधवारी संध्याकाळी तिचा निरोप आला. बाप नसला तर बापाचा भाऊ चालतो, आम्ही त्यालाच बोलावतोय.

गुरुवारी मकामे आला नाही.

साडेअकराला हिदाया त्याच्या बहिणीच्या मागच्या खोलीत पोचली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. नाक वाहत होतं, हातांवर काटा उभा राहिला होता, आणि दर मिनिटाला एक जांभई येत होती. तिने घड्याळ लावून पाहिलं.

"अमी," ती म्हणाली. बापाच्या वयाच्या माणसाला तिथे असंच म्हणतात. "आज तुमचा पेला राहिला."

"दे कुणाला तरी."

"देता येत नाही. त्यावर तुमचा नंबर आहे."

भिंतीकडे तोंड करूनच तो थोडा हसला. तिने सरळ विचारलं, "पावडर घेतली का?"

"नाही."

"शाबास."

"शाबासकी कसली! आणायला जायचं तर उठावं लागतं. मला उठवतच नाहीये, पोरी. लुंगी बदलायची म्हटली तरी ती कुठेतरी डोंगरापलीकडे ठेवलीय असं वाटतंय."

"अजून दोन सकाळी गेल्या की तीन दिवस होतील. मग मी तुम्हाला ऐंशी मिलिग्रॅम देऊ शकत नाही. डॉक्टर पुन्हा तळापासून सुरू करतात. मधल्या दिवसांत माणसं टिकत नाहीत, अमी. मागच्या वर्षी पाच जणांचं असं झालं, त्यातला एक टिकला."

"माहीत आहे. त्या चौघांना मी ओळखायचो."

"मग बी झुहुराला एकदा सांगून टाका ना, की पाहुणा म्हणजे सैफ नाही."

"गाणं करणाऱ्याने सांगायचं नसतं."

"तर मी सांगते."

आता मात्र त्याने मान वळवली. "नको. अंगाशी येईल."

हिदायाला ते पटलं नाही. चुकीच्या माहितीमुळे झालेली गोष्ट बरोबर माहिती दिली की सुटते, असा तिचा पदवीपासूनचा विश्वास होता. दुपारी दोनला रजिस्टर काखेत मारून ती झुहुराच्या ओट्यावर हजर झाली. झुहुरा चपात्या लाटत होती. आत सैफचं मशीन चालू होतं.

"औषधवाली? ये, बस. चहा घेशील?"

हिदायाने चहा घेतला, रजिस्टर उघडलं, आणि सोळा ओळी तारखांसकट वाचून दाखवल्या. कुठली ओळ मकामेला ताप होता तेव्हाची, कुठली तो दहा महिने पूर्ण झाल्याच्या सकाळची. "तर बघा," ती शेवटी म्हणाली, "पाहुणा म्हणजे पावडर आहे. तीच घरात आली, तिनेच पलंग घेतला. अमी सैफचा यात काही संबंधच नाही."

झुहुराने लाटणं खाली ठेवलं. "अस्सं!"

"हो."

"माझ्या मावशीवर एकदा कावळ्याचं गाणं झालं होतं. करणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, कावळ्यावरच आहे. मावशी तीन महिने घराबाहेर पडली नाही. आणि तो राहायचा तिथे मैलभरात एक कावळा नव्हता, बाई! तारबचा माणूस पकडला गेला की असंच म्हणतो. त्यानेच तुला पाठवलं ना?"

"नाही, उलट ते नको म्हणाले."

"बघ! नको म्हणाला! म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे!"

आतलं मशीन थांबलं. "झुहुरा, जाऊ दे गं," सैफचा आवाज आला. "मला तर चाल आवडली."

"तुम्ही टाके मारा!" झुहुरा ओरडली, आणि हिदायाकडे वळली. "आत्तापर्यंत मी फक्त मशिदीत नको म्हटलं होतं. आता त्याला पुलावालाही बोलावणार नाही. उद्या चार वाजता क्लबातल्या कार्यक्रमाला मी आठ बायका घेऊन जाणार, सगळ्या एकाच कापडात. पहिल्या रांगेत बसणार. गायिकेकडे पाठ करून."

शुक्रवारी सकाळी पुन्हा बेचाळीस पेले, पुन्हा एक्केचाळीस रिकामे. रांगेत हिदायाने झाला प्रकार सांगितला तेव्हा सगळे बाकांवर आडवे पडून हसले.

"तू समजावून सांगितलंस?" रिझिकी म्हणाली. एकोणतीस वर्षांची, रांगेतल्या सहा बायकांपैकी सगळ्यांत तिखट. "तारब? समजावून?"

"वर वहीही दाखवली," वुआई डोळे पुसत म्हणाला. "पावती दाखवल्यासारखी!"

हिदाया वरमली, पण हार मानायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने औषध देता देता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, पाहुणा कोण? आणि कोऱ्या पानावर रेघा मारत गेली. एकोणीस जण म्हणाले पावडर. सात म्हणाले तुरुंग, कारण सुटून आल्यावरही तो डोक्यात मुक्काम करतो. चौघांनी आपापल्या मेलेल्या मित्राचं नाव घेतलं. वुआई म्हणाला, सासू. पाच जणांनी ठाऊक नाही म्हणून हात झटकले.

रिझिकीने पेला संपवला. "पावडर म्हणजे पाहुणा नव्हे गं," ती म्हणाली. "पावडर म्हणजे पाहुण्याचं सामान. पाहुणा आधीच आला होता. माझ्याकडे चौदाव्या वर्षी आला. सकाळी डोळे उघडायच्या आधीच उशाशी येऊन बसायचा आणि म्हणायचा, उठून काय करणारेस? पावडर मी नंतर घेतली, त्याची बडबड थांबावी म्हणून. मकामेकडे आत्ता कोण बसलाय, सांग बरं? पावडर तर नाही."

हिदायाला भिंतीकडे केलेलं ते तोंड आठवलं. तिने पानावर नवा रकाना आखला. रिझिकीच्या मागे उभ्या असलेल्यांपैकी चौघांनी आपलं उत्तर त्यात सांगितलं. एकूण पाच.

"सैफ शिंपी किती?" वुआईने विचारलं.

"शून्य."

"मग हाच कागद झुहुराला..."

"कागद पुरे!" रिझिकी म्हणाली. "चार वाजता उठून दाखवू."

हे मात्र सगळ्यांना एकदम कळलं. तारब नुसतं बसून ऐकायचं नसतं. जी ओळ आपल्या वर्मी लागते तिला उठायचं, हात उंच करून झुलत झुलत गायिकेपर्यंत जायचं, आणि तिच्या टोपलीत काहीतरी टाकायचं. मग ती ओळ तुमची. उठणारे संपेपर्यंत गायिका तीच ओळ म्हणत राहते. कुणी तोंडाने काही सांगत नाही, आणि सगळी गल्ली समजून जाते.

"पण लोक तुम्हाला बघतील," हिदाया म्हणाली. "दवाखान्याची गोष्ट गुप्त ठेवायची असते."

"बाळ, आम्हाला कोण ओळखत नाही?" वुआई म्हणाला. "ज्यांच्या चपला आम्ही चोरल्या, ते सगळे ओळखतात."

"आणि टोपलीत टाकणार काय? नोट आहे का कुणाकडे?"

एक्केचाळीस जणांनी खिसे चाचपले. मग रिझिकीची नजर फळीवर गेली. "ते पेले दे."

वापरलेले पेले मोजून चुरगाळून टाकायचे, असा नियम होता.  हिदायाने कपाटातून कोरं पाकीट काढलं, बेचाळीस पेले मोजले, आणि पिशवीत घातले. न वापरलेल्या पेल्यांबद्दल नियमात काही नव्हतं. तिने वाचून खात्री केली.

चारच्या नमाजानंतर क्लबाच्या अंगणात बसायला जागा उरली नाही. झुहुराच्या आठ बायका पिवळ्या कापडात, पहिल्या रांगेत, पाठ करून बसल्या होत्या. त्यामुळे त्यांना आख्खा लोकसमुदाय दिसत होता आणि लोकांना त्या. सैफ मागे खांबाला टेकून शेंगदाणे खात होता. शेजारी नासरा उभी होती, रडून रडून नाक लाल झालेली. लोक सैफकडे बघून कुजबुजत होते, आणि तो शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढे करत होता.

बी शिनुना एकाहत्तर वर्षांची. खुर्चीत बसूनच गायची. पलंगाचं कडवं झालं, ताटाचं झालं. "ओ तूच दिलीस" म्हटल्यावर अंगणात असा हुंकार उठला की झुहुराची पाठ ताठ झाली. मग शेवटचं कडवं आलं.

*ऊठ, पाहुण्या, उजाडलं रे, चटई तुझी गुंडाळ;*
*जाताना माझ्या उंबऱ्याला पाय लागेल, सांभाळ.*

फाटकापाशी वुआई उठला. एका हातात कागदी पेला उंच धरलेला, दुसरा कमरेवर, आणि चाल अशी की जणू सासूच्याच वरातीत निघाला आहे. त्याच्यामागे रिझिकी. तिच्यामागे बाकीचे, एकामागे एक, सगळ्यांचे पेले वर. पांढरे पेले बघून लोकांना क्षणभर कळेना. मग कळलं. "दवाखान्याची मंडळी!" कुणीतरी म्हणालं. वुआईने पेल्यातली मूठभर सुकी मासळी टोपलीत टाकली. रिझिकीने मोगऱ्याची फुलं. कुणी लवंगा, कुणी अर्धी भजी, कुणी शर्टाचं बटण. एकाने रिकामाच पेला उलटा करून झटकला आणि टाळ्या घेतल्या.

बी शिनुनाने रांग बघितली आणि दुसऱ्यांदा ओळ म्हटली. मग तिसऱ्यांदा. दहाव्यांदा तिने पदर खोचला. अठराव्या वेळी व्हायोलिनची तार तुटली. विसाव्या वेळी ती खुर्चीतून उठली, जे गेल्या सहा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. आता सगळं अंगण "ऊठ, पाहुण्या" म्हणत होतं.

हिदाया भिंतीशी उभी राहून मोजत होती. सदतीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस.

पाठ करून बसलेल्या आठ बायकांच्या माना केव्हाच वळल्या होत्या. झुहुरा मात्र अजून लोकांकडेच बघत होती. म्हणजे नेमकं सांगायचं तर, परत चाललेल्या त्या रांगेकडे. एकेका चेहऱ्याकडे. त्यांतल्या किती जणांना तिने ओट्यावरून चपाती दिली होती आणि किती जणांवर लाटणं उगारलं होतं, हे तिलाच ठाऊक.

ती उठली आणि सरळ हिदायाकडे आली.

"एक शिल्लक आहे का?"

"बेचाळिसावा आहे," हिदाया म्हणाली. "पण तो..."

"दे. तो पाहुणा माझ्याही घरात चार वर्षं राहिला. माझ्या चुलीवरचं भांडं विकून गेला. ही ओळ काय एकट्या मकामेची आहे?"

टोमणा म्हणून टोपलीत फेकायला आणलेली घडी घातलेली नोट तिने पेल्यात घातली आणि पेला डोक्यावर धरला. झुहुरा नाचते हे नासराने जन्मात पाहिलं नव्हतं. पिवळ्या कापडातल्या आठही बायका मग मागोमाग उठल्या, कारण एका कापडात आलं की एकीनं उठल्यावर बाकीच्यांना बसता येत नाही. बी शिनुनाने बेचाळिसाव्यांदा ओळ म्हटली आणि आवाज असा वर नेला की शेजारच्या घराचे कोंबडे ओरडू लागले.

परतताना झुहुरा खांबापाशी थांबली. "हसताय काय?" ती सैफला म्हणाली.

"मी? तीन दिवस आख्खी गल्ली मला पाहुणा म्हणतेय," सैफ म्हणाला. "मी आपला शेंगदाणे खातोय."

"उद्या सकाळी स्कूटर काढा. आणि टेप घ्या बरोबर."

शनिवारी साडेदहापर्यंत एक्केचाळीस पेले रिकामे झाले होते. कुणीच घरी गेलं नव्हतं. बाकांवर दाटी करून सगळे रस्त्याकडे बघत होते. हिदायाने घड्याळ बघितलं. दहा चाळीस. दहा सत्तेचाळीस. दहा बावन्नला सैफची स्कूटर कोपऱ्यावरून वळली. मागे, त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून, मकामे बसला होता. लुंगी गुरुवारचीच होती.

"लोक काय म्हणतील!" वुआई ओरडला. "पाहुण्याला मिठी!"

"गप रे," मकामे म्हणाला. त्याचं नाक अजून वाहत होतं, पण तो आपल्या पायांनी पायऱ्या चढला.

"मी त्याला काही सांगितलं नाही," सैफ खिडकीशी येऊन हिदायाला म्हणाला. "नुसता दारात उभा राहिलो आणि ओरडलो, ऊठ, पाहुण्या, चटई गुंडाळ. अर्धा तास लागला. पण गुंडाळली."

दोन दिवस चुकले की आधी लघवीची तपासणी. पट्टी बुडवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर पावडर घेतलेली, दोन आल्या तर नाही. हिदायाने पट्टी फळीवर ठेवली आणि घड्याळ लावलं.

पाच मिनिटं नुसतं कोण उभं राहणार? सैफने खिशातून टेप काढली. "हात वर कर. मशिदीत फाटका झगा घालून लेक देणार आहेस का? झुहुरा मला घरात घेणार नाही."

मकामेने हात वर केले.  सैफने टेप खांद्यापासून घोट्यापर्यंत सोडली आणि वाकून आकडा वाचला. मग तो खिसे चाचपू लागला. "कागद विसरलो. पोरी, तुझ्या त्या वहीत लिही गं."

 घड्याळ वाजलं. हिदायाने पट्टी उचलून उजेडात धरली, दोनदा बघितली, मग बाटलीतून औषध मोजलं आणि सतरा नंबरचा पेला पुढे केला. मकामे एका घोटात प्यायला.

"बोला, अमी."

त्याने बाकांकडे बघितलं, मग सैफकडे. "मकामे," तो म्हणाला. "नासराचा बाप."

हिदायाने रजिस्टर उघडलं. समासात सोळाव्या ओळीखाली जागा होती.

*शनिवार. पेले बेचाळीस, रिकामे बेचाळीस. नंबर सतरा: पट्टीवर दोन रेघा. डोस ऐंशी मिलिग्रॅम. झग्याची लांबी चौपन्न इंच.*